पुढची तारीख

रात्रीचे पावणेबारा. सीईटी सेलच्या साइटवर ते गोल चक्र फिरतंय. ॲप्लिकेशन नंबर तिसऱ्यांदा टाकून झालाय. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज येतो, ‘‘लागली का लिस्ट?’’ लिस्ट कधीच लागलीय. वरून खाली, खालून वर बघून झालीय. तुमचं नाव कुठेच नाही. आणि नेमकं त्याच मिनिटाला क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी मिळालेल्या कॉलेजचं नाव टाकून नाचणारा इमोजी पाठवतं. तुम्ही ‘काँग्रॅट्स यार’ लिहिता, वर दोन बदाम टाकता आणि फोन उशीखाली पालथा ठेवता.

लॉचं ॲडमिशन हुकण्याचं दुखणं जरा वेगळं असतं. आपल्याला आठवीपासून घरात ‘वकीलसाहेब’ म्हणत असतात. भांडणात मुद्दा सोडला नाही की मावशी म्हणते, ‘‘हिला वकीलच करा बाई.’’ वक्तृत्व स्पर्धेतली ढाल शोकेसमध्ये असते. त्यामुळे यादीत नाव नसलं की नुसतं एक ॲडमिशन जात नाही, घरातली आपली ओळखच कुणीतरी परत मागून घेतल्यासारखं वाटतं. वर समोरच्या काकू विचारतात, ‘‘मग आता काय, बी.कॉम.?’’

२०१६ मध्ये उशीखालचा तो फोन माझा होता. क्लॅट दिली होती (तेव्हा पेपर दोनशे प्रश्नांचा असायचा), राज्याची लॉ सीईटीही दिली होती. क्लॅटची रँक इतकी लांबची होती की घरी मी आकडा सांगितलाच नाही, ‘थोडक्यात गेलं’ म्हणाले. साफ खोटं. सीईटीचे मार्क बरे होते, पण ॲडमिशन तिथेही झालं नाही. ते का, ते पुढे सांगते. मग बी.ए. केलं, पुन्हा सीईटी दिली, तीन वर्षांचं एलएलबी केलं आणि आज जिल्हा न्यायालयात वकिली करते. एका वाक्यात लिहिलं की किती सरळ दिसतं! मधली वर्षं सरळ नव्हती, आणि ‘जिद्दीच्या जोरावर’ छापाची तर मुळीच नव्हती. बराचसा काळ मी नुसती चिडलेली होते.

म्हणून ‘मोटिव्हेटेड कसं राहावं’ असं कुणी विचारलं की मी जरा बिचकते. पहाटे चारला उठून थंड पाण्याने अंघोळ करणाऱ्यांचे रील्स मीही बघितलेत. त्यातून येणारा जोर दीड दिवसाच्या गणपतीसारखा असतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. पहिले चार-पाच दिवस तर काहीच करू नका. झोपा, रडा, पिक्चर बघा. पण दिवसच्या दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, नको नको ते विचार येत असतील, तर ‘निकालामुळे आहे, जाईल’ म्हणून अंगावर काढू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. फोन फुकट आहे, आणि ‘एवढ्याशा कारणासाठी कसा करायचा’ असं वाटलं तरी करा.

पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र एक काम आहे.

पेपर पुन्हा काढा

गेलेला पेपर पुन्हा बघणं म्हणजे ब्रेकअपनंतर जुने चॅट वाचण्यासारखं आहे, कबूल. पण इथे उपयोग होतो. तोच पेपर घ्या आणि घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. मग दोन्ही वेळची उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. परीक्षेत चुकलेलं आता बरोबर आलं असेल, तर तुम्हाला येत होतं, वेळ पुरला नाही. आत्ताही चुकलं असेल, तर तो भाग खरंच कच्चा आहे. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. आपण मात्र दोन्हींना मिळून ‘मला जमत नाही’ असं एकच नाव देतो.

सध्याची पदवीसाठीची क्लॅट १२० प्रश्नांची आहे, वेळ १२० मिनिटं. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, साधा तर्क आणि थोडं गणित. जवळजवळ सगळं उताऱ्यांवर. एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा असतो. कायद्याच्या भागाला आधी कायदा माहीत असावा लागत नाही. नियम उताऱ्यात दिलेला असतो, तो समोरच्या प्रसंगाला लावायचा. म्हणजे ही परीक्षा बऱ्याच अंशी एकच गोष्ट मोजते: इंग्रजी किती वेगात वाचता आणि वाचताना किती धरून ठेवता. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण इथे असते, डोक्यात नव्हे. वेग वाढतो, पण आठवड्यात नाही, महिने लागतात. मी एक साधा उपाय केला होता. कोर्टाची एखादी बातमी आधी मराठी पेपरात वाचायची, मग तीच इंग्रजी पेपरात. काय घडलंय ते आधीच माहीत असल्याने इंग्रजी शब्द अडवत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी मराठीची काठी सुटते.

वेगाने वाचणं हे काही परीक्षेपुरतं खूळ नाही, हेही सांगायला हवं. वकिलाचं निम्मं आयुष्य कागद वाचण्यात जातं. पण वाचायला मी रात्रभर घेऊ शकते. एका मिनिटात एक उत्तर, अशी अट मला अजून एकाही न्यायाधीशाने घातलेली नाही.

आणि ते ‘निगेटिव्ह मार्किंगने मारलं’! क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो, पर्याय चार असतात. समजा, १६ प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं ठोकली. सरासरीने चार बरोबर येतील, म्हणजे चार मार्क. बारा चुकतील, म्हणजे तीन मार्क वजा. हाती एक उरतो. थोडक्यात, ठोकून कुणी बुडत नाही. बुडतो तो एकाच उताऱ्यावर दहा मिनिटं अडून राहणारा. राज्याच्या सीईटीत तर निगेटिव्ह मार्किंगच नाही, आणि प्रश्न मराठीतूनही वाचता येतात. तिथे एकही प्रश्न कोरा सोडलात, तर दोष स्वतःलाच द्या.

कधी कधी घोळ तुमचा नसतोही. २०२५ च्या प्रवेशासाठीची क्लॅट १ डिसेंबर २०२४ ला झाली. उत्तरतालिकेतली काही उत्तरंच चुकीची आहेत म्हणून विद्यार्थी कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल सुधारायला सांगितला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाली निघेपर्यंत मे उजाडला. लॉला जायचं म्हणून बसलेली हजारो मुलं पाच महिने नुसती बसून. एका परीने ती लॉचीच पहिली तासिका होती म्हणा: तारीख पडते, आणि तोवर वाट बघायची असते.

माझी गोष्ट: एक कागद

आता माझ्या सीईटीचं. मार्क माझ्या प्रवर्गातून चांगलं कॉलेज मिळेल एवढे होते. पण चालू वर्षासाठी वैध असलेलं नॉन-क्रिमी लेअर सर्टिफिकेट माझ्याकडे नव्हतं. जुनं चालेल, असं मी धरून चालले होते. अर्ज केला तेव्हा उशीर झाला होता. रोज एसटीने तालुक्याला जायचं, खिडकीवर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकायचं आणि परत यायचं. कागद हातात आला तेव्हा शेवटची तारीख उलटून चार दिवस झाले होते. मी खुल्या यादीत गेले आणि खुल्या यादीचा कट-ऑफ माझ्यापासून बराच लांब होता.

खिडकीवरच्या माणसावर मी वर्षभर चिडून होते. पण खरं सांगायचं तर कागद वेळेत मागितला नव्हता मीच. त्यामुळे एवढंच सांगते: पुन्हा प्रयत्न करायचा विचार असेल, तर अभ्यासाचं टाइमटेबल नंतर करा. आधी जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमी लेअर, डोमिसाइल, ज्याला जे लागू असेल ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकत्र करा. ज्यांची मुदत संपते, त्यांची तारीख वर पेनाने लिहून ठेवा. यात काही प्रेरणादायी नाही. पण यावर घालवलेल्या आठवड्याने वर्ष वाचतं.

दुसरं म्हणजे पहिल्या फेरीत नाव नाही, म्हणून तोंड फिरवून बसू नका. फेऱ्या आणखी असतात, त्यानंतर कॉलेज पातळीवरची फेरी असते, आणि हे सगळं कधी कधी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतं. बऱ्याच जागा नंतर हलतात, कारण वरचे लोक दुसरीकडे जातात. प्राधान्यक्रम भरताना फक्त पाच झळकती नावं टाकून बसणारे कितीतरी जण मी पाहिलेत. त्यात मीही होते.

ड्रॉप घ्यायचा का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. घड्याळाशिवाय सोडवलेल्या पेपरात मार्क चांगले वाढले असतील, घरची आर्थिक बाजू झेपणारी असेल आणि वर्षभर एकट्याने अभ्यासाला बसण्याचा स्वभाव असेल, तर ड्रॉपला अर्थ आहे. क्लॅटला वयाची वरची मर्यादा नाही. पण मार्क तसेच राहिले असतील आणि तरी ‘पुढच्या वर्षी होईल’ असं वाटत असेल, तर ती आशा आहे, योजना नाही.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट असते, ती करिअर गायडन्सच्या पुस्तकात छापत नाहीत. मुलगी वर्षभर घरी आहे म्हटलं की कुणाच्या तरी तोंडून स्थळाचा विषय निघतो. आमच्याकडे दिवाळीतच निघाला. मी बी.ए. घेतलं त्याचं अर्धं कारण हे होतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. कॉलेजात नाव असलं की सकाळी घराबाहेर पडायचा हक्क मिळतो. बी.ए.नंतर तीन वर्षांच्या एलएलबीचं दार उघडंच असतं. या वाटेने एकूण सहा वर्षं होतात आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सपेक्षा एकच वर्ष जास्त लागतं. १८ व्या वर्षी ते एक वर्ष डोंगराएवढं दिसतं. आता मला ते आठवावं लागतं.

दार उघडं ठेवण्यावरून आठवलं. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. शाळेपासून ऐकलेली गोष्ट आहे ही. पण माझ्या लक्षात राहतो तो एक तपशील: निघण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी घेतली होती. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, मदत मिळवली, काही उसने घेतले आणि १९२० मध्ये ते परत गेले. मुदतीच्या आत. स्वप्न वगैरे तर होतंच, पण परतीची रीतसर परवानगीही होती. तेव्हा कोर्स सोडत असाल, जागा नाकारत असाल, तर कागदोपत्री नीट सोडा. फ्लोट, फ्रीज, बेटरमेंट हे शब्द समजून घेतल्याशिवाय बटण दाबू नका.

आणि उशीर म्हणजे काय, हे बघायचं असेल तर कॉर्नेलिया सोराबजी. १८६६ मध्ये नाशिकला जन्म, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ज्या निकालावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, त्यावर ती मिळाली नाही, कारण निकाल बाईचा होता. लोकांनी पैसे जमवले, १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी? ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं. हिंदुस्थानात बायकांना वकिली करायला बंदी नाही, असा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. मधली तीस वर्षं त्या बसून राहिल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या, मालमत्ता असून कोर्टापर्यंत पोचू न शकणाऱ्या स्त्रियांना सल्ला देत राहिल्या. सनदेची वाट बघता बघता काम सुरू केलं होतं बाईंनी.

कोर्टाची पायरी

मला जे खरोखर उपयोगी पडलं, ते सांगते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सीईटीचं पुस्तक बघितलं तरी पोटात गोळा यायचा. एक दिवस लेक्चर बुडवून मी कोर्टात जाऊन बसले. सहज, काही ठरवून नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी काही फार शहाणी नव्हते.

तुम्हीही जा. आपल्याकडे कोर्टाचं काम उघड्यावर चालतं, कायद्यानेच तसं सांगितलंय. काही संवेदनशील खटले वगळता कुणीही आत जाऊन बसू शकतं. फोन बंद ठेवायचा, न्यायाधीश आले की उभं राहायचं, मागच्या बाकावर बसायचं, कुजबुजायचं नाही. पिक्चरमधलं काही दिसणार नाही. टेबलावर हात आपटून कुणी ओरडत नाही. पुकारा होतो, वकील उभे राहतात, कुणाचा साक्षीदार आलेला नसतो, कुणाला पुढची तारीख हवी असते. तास-दोन तास कंटाळा येतो.

त्या दिवशी मी एका पोटगीच्या कामात बसले होते. बाई साधारण माझ्या आईच्या वयाच्या, पदर घट्ट धरून उभ्या. त्यांच्या वकील मॅडमनी तीन-चार मिनिटंच बोलल्या असतील, तेही हळू आवाजात. रकमेचा हिशेब, महिन्यांची संख्या, एक कागद पुढे केला. आदेश झाला. बाहेर व्हरांड्यात त्या बाई मॅडमना विचारत होत्या, ‘‘म्हणजे मिळणार ना आता?’’ आणि मॅडम त्यांना तोच आदेश पुन्हा, सोप्या मराठीत समजावून सांगत होत्या. मला पहिल्यांदा कळलं की मला नक्की काय करायचंय. वादविवाद जिंकायचे नव्हते मला. मला व्हरांड्यात उभं राहून ते समजावून सांगायचं होतं.

त्यानंतर सीईटी फक्त सीईटी राहिली. पोटातला गोळा गेला नाही, पण पुस्तक उघडता यायला लागलं.

तुमच्या बाबतीत उलटही होऊ शकतं. कोर्टात दोन-तीन दिवस बसून ‘छे, हे माझं काम नाही’ असं वाटलं, तर तेही मोठं काम झालं म्हणायचं. लॉ सोडून देणं म्हणजे हार नव्हे. न आवडणाऱ्या गोष्टीत पाच वर्षं घालवण्यापेक्षा पाच दिवस घालवलेले परवडले. कोर्ट गाठणं अवघड असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या सुनावण्या २०२२ पासून ऑनलाइन बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरंही उपलब्ध असतात. एखादा काढून वाचा.

कॉलेजचं नाव

‘कॉलेजने काही फरक पडत नाही’ असं सांगणारे आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पडतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर येतात, इंटर्नशिप सहज मिळतात, आजूबाजूची मुलं हुशार असतात. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. मात्र तिथे पाच वर्षांचा खर्च काही लाखांत जातो, तर सरकारी कॉलेजात वर्षाची फी काही हजारांत भागते. साध्या कॉलेजात जे आपोआप मिळत नाही, ते स्वतः मागून मिळवावं लागतं. मी तिसऱ्या वर्षापर्यंत अकरा वकिलांच्या ऑफिसात जाऊन ‘काही काम आहे का’ विचारलं. दहांनी नाही म्हटलं. एकाही नकाराला सीईटीच्या नकाराइतकं रडू आलं नाही, हा एक फायदा.

पण सनद सगळ्यांना एकच मिळते. मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, आणि मग सगळ्यांना तीच ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. नोंदणीसाठी कायद्यात दिलेल्या फीपेक्षा जास्त पैसे घेता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. खुल्या गटाला ती ७५० रुपये आहे. काळ्या कोटावर कॉलेजचं नाव शिवलेलं नसतं. भूषण गवई अमरावतीत कायदा शिकले आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांना स्वतःला आर्किटेक्ट व्हायचं होतं, वडिलांच्या इच्छेखातर ते वकील झाले, हे त्यांनीच जाहीर भाषणात सांगितलंय. उज्ज्वल निकम जळगावात शिकले.

आणि काम आता मोठ्या शहरांतच आहे असंही राहिलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. आसपासच्या जिल्ह्यांतले वकील त्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ मागणी करत होते. निवेदनं, मोर्चे, बहिष्कार, आणि प्रत्येक वेळी ‘विचाराधीन आहे’. मागणी सुरू झाली तेव्हा जे नवखे ज्युनिअर होते, त्यांतले काही जण पांढऱ्या केसांनी त्या इमारतीत शिरले. सांगली-साताऱ्याच्या, कोकणातल्या पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा वाचला, आणि तिथल्या पोरापोरींना उच्च न्यायालयात उभं राहायची सोय झाली.

मागच्या पावसाळ्यात आमच्या कोर्टात मागच्या बाकावर एक मुलगा दोन-तीन दिवस येऊन बसत होता. पक्षकार वाटत नव्हता. शेवटी मीच विचारलं, ‘‘कुणाच्या कामासाठी आलायस का रे?’’ म्हणाला, ‘‘नाही मॅडम, दुसऱ्या फेरीची वाट बघतोय.’’ मी त्याला विचारलं, नॉन-क्रिमी लेअर काढलंस का? त्याने बॅगेतून प्लास्टिकचं फोल्डर काढून दाखवलं.

तुमच्या तालुक्यातलं कोर्ट अकराच्या सुमाराला बसतं. मागच्या बाकावर जागा असते.